मुलीला मध्ये घालू नका

घरात नवरा-बायकोचा अबोला सुरू झाला की पहिली कामगिरी मुलीवर येते. "बाबांना विचार, जेवणार आहेत का." बाबा चार फुटांवर सोफ्यावर बसलेले असतात. "आईला सांग, माझा कॉल आहे." हे नाशकातही होतं आणि डोंबिवलीतही. पण तिथे आजी असते, शेजारच्या काकू असतात, अचानक टपकणारा मामा असतो. निरोप वाटून घेतले जातात आणि अबोलाही फार टिकत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा प्लेन्सबरोच्या टाउनहाउसमध्ये चारच माणसं आणि दाराबाहेर फूटभर बर्फ. तिथे दहा-बारा वर्षांची मुलगी हेच घराचं टपाल खातं.

आणि निरोप काही फक्त आई-बाबांमधलेच नसतात. शाळेतून आलेला कागद काय म्हणतो हे ती घराला सांगते, आणि आपल्या घरी असं का चालतं हे ती मैत्रिणींना सांगते. पुण्याच्या आजीला "आम्ही सगळे मजेत" हे तिनंच सांगायचं. आजी इकडे आली की डॉक्टर काय म्हणाले हेही तिनंच सांगायचं. न्यू जर्सीतल्या एका रविवारच्या मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. मुली सहावी-सातवीत गेल्या की पालकांची तक्रार ठरलेली असते : "ही हल्ली आमच्याशी बोलतच नाही." मला वाटतं, ती दिवसभर आपल्याच वतीनं बोलत असते, म्हणून स्वतःच्या वतीनं बोलायचं राहून जातं. आपण याला 'दोन संस्कृतींमधली ओढाताण' असं भारदस्त नाव देतो. बरीचशी ओढाताण साधी असते. मुलीला मधून काढलं आणि प्रत्येक नातं तिला थेट जोडू दिलं, तर ही ओढाताण पुष्कळ कमी होते. ते कसं करायचं, एवढ्यापुरताच हा लेख.

सुरुवात शनिवारच्या फोनपासून करू. इकडे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात इकडची घड्याळं मागे गेली की साडेसात, म्हणजे आजीच्या मालिकेवर घाला. आई आधी अर्धा तास बोलते आणि मग फोन मुलीच्या हातात देते. "बोल आजीशी." काय जेवलीस? पास्ता. शाळा काय म्हणते? गुड. बाजूनं आईचं सुरू : "मराठीत सांग ना. परवा बक्षीस मिळालं ते सांग. अगं, नमस्कार कर." या फोनमध्ये आजी आणि नात एकमेकींशी बोलतच नाहीत, दोघीही आईला उत्तरं देत असतात.

यावर उपाय एकच, आणि तो आयांना जड जातो : फोन लावून द्या आणि खोलीबाहेर जा. सुरुवातीला दोन मिनिटांत फोन आटपेल, आटपू द्या. बोलायला विषय नसेल तर काम द्या. मुलीला थालीपीठ लावायला बसवा आणि आजीला स्क्रीनवर. "पाणी फार झालं, थोडी भाजणी घाल. आता मधे भोक पाड. अगं, एवढं मोठं नको!" गरजेपोटी झालेलं हे पंधरा मिनिटांचं बोलणं 'काय जेवलीस' या वर्षभराच्या बोलण्याला भारी पडतं. ज्या घरांत वेळ जुळतच नाही तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप बरा. मुलगी झोपायच्या आधी दोन वाक्यं बोलते, आजी सकाळच्या चहाबरोबर ऐकते आणि सावकाश उत्तर देते. ते निरोप तुम्ही ऐकू नका. आजीनं ऐकवले तरी ऐकू नका.

फोनवर आणखी एक गोष्ट होते, ती जवळून बघण्यासारखी आहे. मुलगी म्हणते, "मी आत्ताच शाळेतून आला." पलीकडून मामा मोठ्यांदा हसतो, "आला का? बरं बरं, आला तर आला!" सगळे हसतात, तीही हसते. पुढच्या शनिवारी ती इंग्रजीत बोलते, आणि मग वर्षानुवर्षं इंग्रजीतच. मामाच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच त्याला हे सांगावं लागतं, आणि ते त्याच्या बहिणीनं सांगावं : नक्कल करायची नाही. चूक दाखवायचीही गरज नाही. ती म्हणाली "मी आला", की आजीनं म्हणावं, "आलीस? दमलीस का गं?" बरोबर रूप तिच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढे गेलं. माझ्या वर्गात मी एवढंच करते. हळूहळू मुली आपल्या आपण सुधारतात.

आजी-आजोबा राहायला येतात तेव्हा खरी कसोटी. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहता येतं. बहुतेक लोक एप्रिल-मेमध्ये येतात आणि थंडी पडायच्या आत परततात. खोली बहुतेक वेळा मुलीची जाते. ती द्यावीच लागणार असेल तर द्या, पण तिला आधी विचारा, आणि तिचं एक कपाट, एक टेबल, दार लावता येईल असा एक कोपरा तिच्यासाठी राखून ठेवा. "आजीसाठी एवढंही करणार नाहीस?" या प्रश्नानं आजी यायच्या आधीच आजीवर राग धरला जातो.

पहिले पंधरा दिवस लाडांचे. नंतर दिवस मोठे होतात. आजीला गाडी येत नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही, सूनबाई आणि मुलगा वरच्या खोल्यांत लॅपटॉपसमोर. दिवसभरात बोलायला एकच माणूस, आणि ते दुपारी साडेतीनला पिवळ्या बसमधून उतरतं. ते माणूस सात तास शाळेत काढून आलेलं असतं आणि त्याला गप्प बसायचं असतं. दोघींचीही बाजू खरी आहे. मी घरांना सुचवते ते असं : आल्यावर खाणं आजीसोबत, पंधरा-वीस मिनिटं, फोन बाजूला. मग मुलगी तिच्या कोपऱ्यात, आणि तिथे कुणी डोकावायचं नाही. संध्याकाळी हवं तर पत्त्यांचा डाव. आजीच्या उरलेल्या दिवसाची सोय तुम्ही करायची : गावातलं ज्येष्ठ नागरिक केंद्र, ग्रंथालय, मराठी मंडळातल्या दुसऱ्या कुणाची आलेली आई. आजीचा एकटेपणा घालवणं हे नातीचं काम नव्हे.

मग शेरे सुरू होतात. चड्डी आखूड आहे. केस मोकळे का. दादाला पाणी आणून दे. इथे बहुतेक घरांत एक ठरलेला अपघात होतो : सासूचं बोलणं सुनेला लागतं, सून मुलीवर ओरडते ("आजीसमोर तरी नीट कपडे घाल!"), आणि मुलीला कळत नाही की कालपर्यंत चालणारी चड्डी आज का चालेना. नियम सोपा आहे : ज्याचे आई-वडील, त्यानं बोलायचं. बाबांनी स्वतःच्या आईला बाजूला घेऊन सांगायचं, "आई, कपड्यांचं आम्ही ठरवलंय, तू तिला बोलू नकोस." हे बाबा करत नाहीत. ते बेसमेंटमध्ये जातात. या एका बाबतीत मी बाबांची बाजू घेत नाही.

पाळीचंही असंच. मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल आणि आजी बाजूला बसण्याच्या वळणाची असेल, तर आपल्या घरात काय पाळायचं आणि काय नाही हे आजीचं विमान उतरायच्या आधी नवरा-बायकोनं ठरवा आणि आजीला फोनवरच सांगा. ऐन गणपतीच्या दिवशी, मोदकांचं सारण हातात असताना, देवघराच्या दारात हा वाद नको. बाबांनाही दुकानातून पॅड आणता आले पाहिजेत, आणि ते आणताना चेहरा नेहमीसारखा ठेवता आला पाहिजे. शिवाय पहिली पाळी आल्याची बातमी मावशी-आत्यांना कळवायची की नाही, हे मुलीला विचारा. मुली हे विसरत नाहीत. कॉलेजात गेलेल्या मुलीसुद्धा मला सांगतात, की आईनं त्याच रात्री पाच जणींना फोन केले होते.

आजीला डॉक्टरकडे नेताना मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका. आई-बाबा कामात असतात, आजोबा बरोबर जातात, आणि बारा वर्षांच्या मुलीला आजीच्या बायोप्सीचा अर्थ मराठीत सांगावा लागतो. अमेरिकेत केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाषी फुकट द्यावा लागतो, आणि आणीबाणी सोडली तर लहान मुलांकडून हे काम करून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. वेळ ठरवतानाच सांगा, मराठी दुभाषी हवा. बहुधा फोनवर किंवा स्क्रीनवर मिळतो. त्याचं मराठी थोडं पुस्तकी असतं, पण आजी त्याला मोकळेपणानं पोटाचं दुखणं सांगते, जे नातीला सांगितलं नसतं.

आता त्या गोष्टीकडे येते जी भारतातल्या घरांत नसते आणि इथल्या घरांत जेवणाच्या टेबलावर असूनही कुणी तिचं नाव काढत नाही. मुलगी पुण्यात जन्मलेली, तीन वर्षांची असताना आई-बाबांबरोबर आलेली. भाऊ इथे जन्मलेला. तो अमेरिकेचा नागरिक, ती एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या कामाच्या व्हिसाच्या आधारावर. भाऊ तिसरीत काहीतरी शिकून येतो आणि जेवताना सांगतो, "मी प्रेसिडेंट होऊ शकतो, ताई नाही होऊ शकत." सगळे हसतात. विनोद म्हणून तो ठीक आहे, पण ताईसाठी हिशोब तिथेच थांबत नाही.

पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की तो आधार संपतो. नोकरीमार्गे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्केच येत असल्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे, की तीन वर्षांची आलेली मुलगी एकवीसची होईपर्यंत घराचा नंबर लागेलच असं नाही. त्याआधीही अडचणी येतात. सोळाव्या वर्षी वर्गातल्या मुली आइस्क्रीमच्या दुकानात किंवा तरणतलावावर उन्हाळी नोकरी धरतात. एच-फोरवरच्या मुलीला कामाची परवानगी नाही. कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत तिला मिळत नाही.

पालक हे लपवतात, तिला टेन्शन नको म्हणून. पण ती ऐकत असते. रात्री अकराला स्वयंपाकघरात ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल "डेट परत मागे गेली" असं कुजबुजणं, वकिलाचा ईमेल आल्यावर बाबांचा उतरलेला चेहरा. काय चाललंय हे कुणी सांगत नाही, मग ती स्वतःच अर्थ लावते. आई-बाबा वेगळे होणार आहेत असा अर्थ लावलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती.

तेव्हा सातवी-आठवीत सांगून टाका. ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्यानं सांगावं, म्हणजे प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे मिळतात. आपण कुठल्या कागदावर इथे आहोत, त्यामुळे तुला काय करता येणार नाही, आणि आपण काय ठरवलंय. भाऊ समोर नको. त्याला वेगळं सांगा, आणि प्रेसिडेंटचा विनोद आता बंद हेही सांगा. मुलगी नववीत जाताना वकिलाकडून एक काम करून घ्या : ग्रीन कार्डाच्या कायद्यात मुलाचं वय मोजण्याची वेगळी रीत आहे, त्यात अर्ज प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा होऊ शकतो. तुमच्या बाबतीत तो हिशोब कसा बसतो ते लेखी मागा. मंडळाच्या पार्टीत ऐकलेल्या सल्ल्यावर राहू नका. आणि "तुमच्यासाठीच तर आम्ही इथे अडकलो" हे वाक्य घरातून हद्दपार करा. ते खरंही नसतं.

भावाबहिणींचं घरकामावरूनही बिनसतं, पण त्यात नवीन काही नाही. पाहुणे आले की चहाचा ट्रे तिच्या हातात आणि प्लेस्टेशनचा रिमोट त्याच्या, हे दृश्य सातासमुद्रापार जसंच्या तसं आलंय. वयावर नियम करा : दादाला आठवीत जे चाललं ते हिलाही आठवीत चालेल. कामं फ्रिजवर लिहून लावा आणि दर महिन्याला बदला.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. मुलगी अकराची होईपर्यंत बाबा तिला खांद्यावर घेऊन फिरतात, आणि मग अचानक लांब होतात. संकोच असतो, काय बोलावं ते सुचत नाही. उरतं गणित आणि गाडी. गणितावरून भांडण होतं, तेव्हा गाडी सांभाळा. भरतनाट्यम्, पोहणं, रोबोटिक्स, असे आठवड्याचे कितीतरी तास ती तुमच्या शेजारच्या सीटवर असते, आणि त्याच वेळी तुमच्या कानात हैदराबादची टीम असते. आठवड्यातली एक फेरी ठरवा, जिच्यात कॉल घ्यायचा नाही. गाडीत समोर बघून बोलता येतं, डोळ्याला डोळा भिडत नाही, म्हणून अवघड गोष्टी तिथेच निघतात. तुम्ही विषय काढू नका. तिनं लावलेली गाणी ऐका आणि नाक मुरडू नका.

आयांसाठी जरा अवघड गोष्ट. तिकडची नोकरी, मैत्रिणी, सगळं सोडून आलेली आई एकटी पडते, आणि मुलगी समजूतदार असली की हळूहळू तीच मैत्रीण होते. सासू फोनवर काय बोलली, बाबा कसे गप्प बसले, पैशांचं काय झालं, सगळं बारा वर्षांच्या कानांवर पडतं. ती आईच्या पाठीवरून हात फिरवते. मग शनिवारी आजीशी तुटक बोलते, बाबांना उलट उत्तर देते, आणि आपण म्हणतो, इथली मुलं अशीच. तिचा राग तिचा नसतो, तुमचा असतो. बोलायला माणूस हवं हे खरंच. ते आपल्या वयाचं शोधा. बहीण, मंडळातली एखादी, विम्यात बसणारी समुपदेशक. घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर मात्र असे लेख वाचत बसू नका. 'मानवी' ही न्यू जर्सीतली संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी याच कामात आहे.

मुलांवर हात उगारण्याबद्दलही तेच. "आम्ही नाही का मार खाल्ला" हे इथे चालत नाही. संशय आला तर कळवणं शिक्षकांना कायद्यानं भाग असतं, आणि न्यू जर्सीत तर ते बंधन प्रत्येक माणसावर आहे. पण हातापेक्षा मला एका वाक्याची भीती वाटते : "नीट वागली नाहीस तर पाठवून देईन आजीकडे, बस तिथेच." जिचा कागद एकविसाव्या वर्षी संपणार आहे, तिला ही धमकी कशी ऐकू येत असेल याचा विचार करा. आणि त्या आजीकडे सुट्टीत आनंदानं जायचं तरी कसं?

बारा-तेराव्या वर्षी डॉक्टर आईला म्हणतात, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबाल का?" आईला अपमान वाटतो. ही इथली रीत आहे. या वयात मुलीला डॉक्टरांशी एकटीला बोलता यावं अशी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीच शिफारस आहे, आणि बाराव्या वर्षापासून दरवर्षी नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतात. परतताना गाडीत "काय विचारलं गं?" असं विचारू नका. खोदून विचाराल अशी भीती नसली तर ती कधीतरी आपणहून सांगेल. ती जेवेनाशी झाली, झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या, मरणाची भाषा करू लागली, तर मात्र वाट न पाहता त्याच डॉक्टरांना फोन करा. मदतीसाठीच्या ९८८ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फोन किंवा मेसेज करता येतो. हा क्रमांक तिच्याही फोनमध्ये असू द्या.

मैत्रिणीकडे रात्री राहण्याचा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. "आपल्यात नाही चालत" एवढं उत्तर पुरत नाही, कारण मैत्रिणीला कारण तिलाच द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा निरोप. तुम्ही स्वतः त्या मुलीच्या आईला फोन करा. घरी कोण असणार, मोठे भाऊ आहेत का, आणि बंदूक आहे का, असेल तर कुलुपात आहे का, हे विचारा. इथले पालकही हे विचारतात, कुणाला राग येत नाही. मन तयार नसेल तर अर्धी वाट आहे : पायजम्यात जायचं, सिनेमा, पिझ्झा, आणि रात्री दहाला बाबा घ्यायला येणार. नकारच द्यायचा असेल तर तो तुमच्या नावावर द्या. "माझी आई फार स्ट्रिक्ट आहे" असं तिला खुशाल सांगू द्या.

आणि पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं काढाल तेव्हा एवढं करा. जूनच्या शेवटी शाळा सुटते, तुम्ही भर पावसात उतरणार, आणि महिनाभर तिला घरोघर नेऊन "जरा अमेरिकन इंग्लिश बोलून दाखव" हा कार्यक्रम होणार. त्यातले पाच-सहा दिवस बाजूला काढा आणि तिला मावसबहिणीकडे एकटीला सोडा, सातारा असो की ठाणे. तुम्ही दुसऱ्या गावी राहा. पहिल्या दिवशी तुम्हाला दहा फोन येतील : वायफायचा पासवर्ड काय, गीझर कसा लावायचा, मावशी तिखट किती घालते. सगळ्यांना एकच उत्तर द्या, "मावशीला विचार."